करडी कांडी

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे घोटणी. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पाच वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय? दोन धातूंचे क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात सायट्रिक आम्ल घालायचं, बीकर गरम तव्यावर ठेवायचा आणि ते पाणी सहा-सात तास एकसारखं फिरत ठेवायचं. पाण्याचा पाक होतो, पाकाचा चीक होतो, चीक वाळून फुगतो आणि त्याचा जाळीदार फेस होतो, बोट लावलं तर चुरा होईल असा. तो फेस खलात घोटायचा, चिनीमातीच्या वाटीत भरायचा आणि भट्टीत पाचशे अंशांवर चार तास भाजायचा. शेवटी उरते चिमूटभर फिकट पिवळी पूड. सेरियम आणि झिरकोनियम, दोन धातूंचं मिळून एक ऑक्साइड. बायका घरी एवढ्या वेळात चाळीस माणसांचा स्वयंपाक करतात, आणि त्याबद्दल त्यांना कुणी पदवी देत नाही.

या पुडीचं काम एकच. गाड्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो, तो तिच्यावरून गेला की जळून निरुपद्रवी व्हावा. काचेच्या नळीत पूड ठेवायची, वायू सोडायचा, नळी हळूहळू तापवायची आणि कितव्या अंशावर अर्धा वायू जळतो ते बघायचं. त्याला सगळे अर्ध्याचा आकडा म्हणत. जितका कमी, तितकी पूड चांगली. जगभर असल्या साध्या पुडीला तीनशेच्या आसपास अंश लागायचे. घोटणीच्या पहिल्या बॅचला लागले एकशे अठ्ठेचाळीस. तेही प्लॅटिनम, पॅलेडियम असला कुठलाही महागडा धातू न घालता.

त्या एका आकड्यावर सरांचा लेख छापून आला, सर परदेशी भाषणं करून आले, आणि घोटणीचा प्रबंध उभा राहिला. सात प्रकरणं लिहून झाली होती. सरांची सही राहिली होती.

सही राहिली होती भिंगरीपायी.

भिंगरी ही प्रयोगशाळेतली नवी मुलगी. बावीस-तेवीसची. चालताना दोन पायऱ्या एकदम चढणार, बोलताना तीन वाक्यं एकदम बोलणार. सरांनी तिला सोपं काम दिलं होतं: ताईची पूड जशीच्या तशी करून दाखव, मग पुढचं बघू. तीन महिने झाले, अकरा बॅचेस झाल्या. अर्ध्याचा आकडा तीनशे चार, दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे सात. तीनशेजवळून हलायला तयार नाही. आणि हे का, ते ठरेपर्यंत ताईच्या सहीचं घोंगडं भिजत.

पूड तीच होती, हे विशेष. क्ष-किरणांच्या यंत्रात घातली की घोटणीच्या पुडीला जिथं जिथं सुळके यायचे तिथंच भिंगरीच्याही पुडीला यायचे. कणांचा आकार तोच, पृष्ठभाग तेवढाच, सूक्ष्मदर्शकाखाली दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत. जुळ्या बहिणीच. एक धावत होती, दुसरी जागची हलत नव्हती.

"नाचता येईना अंगण वाकडं," सर मंगळवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले. "पाणी खराब, क्षार जुने, भट्टी चुकते. तीन महिने कारणं ऐकतोय मी. हाताला वळण लागतं बाई. ते नसेल तर दुसरं काहीतरी करा आयुष्यात. महिनाअखेरच्या शनिवारी समितीसमोर तुझा निकाल लावून टाकू."

बैठक संपल्यावर भिंगरी बेसिनशी उभी राहून स्वच्छ असलेला बीकर पुन्हा पुन्हा धूत राहिली. नळ मोठा सोडला होता, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

घोटणी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अगं, मी शिकवते तुला. थेंब किती सावकाश सोडायचे, पाक कधी उतरवायचा. डोळ्यांना कळावं लागतं ते."

हे बोलताना तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा? आपल्या हातात काहीतरी आहे जे दुसऱ्याच्या हातात नाही, हे कुणाला आवडत नाही? वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत तिच्या हाताला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. सासूबाई तर तिनं कणीक भिजवली तरी म्हणायच्या, "ही तुमची प्रयोगशाळेतली का?"

घोटणीनं भिंगरीसमोर एक बॅच करून दाखवली. आकडा आला एकशे शहाण्णव.

"बघ!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. "तेच क्षार, तेच पाणी, तीच भट्टी. याला म्हणतात हात!"

पहिल्यापेक्षा अठ्ठेचाळीस अंशांनी खाली घसरलेला हात होता तो. पण तीनशेच्या शेजारी एकशे शहाण्णव ठेवला तर सोन्यासारखाच दिसणार. कुणी काही बोललं नाही. घोटणीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरी तिच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले, पण तोंडाची भिंगरी पुन्हा सुरू झालेली.

"ताई, हसू नका हं. मला तुमची कांडी द्याल का एक दिवस?"

"कसली कांडी?"

"तीच ती. पेनांच्या डब्यात ठेवता ती. सगळे म्हणतात तुमची लकी आहे. माझं डोकं आता चालत नाहीये, म्हटलं दैवावर सोडून बघू. काल आईनं दृष्टसुद्धा काढायची म्हटली होती माझी, मी म्हटलं आधी ताईंची कांडी मागून बघते."

कांडी म्हणजे औषधाच्या कॅप्सूलएवढा चुंबक, वरून पांढऱ्या प्लॅस्टिकनं मढवलेला. ती बीकरच्या तळाशी टाकतात. खालच्या तव्यातला चुंबक फिरला की ही फिरते आणि पाणी ढवळलं जातं. प्रयोगशाळेत असल्या कांड्या डझनावारी पडलेल्या असतात. पण घोटणीची एक ठरलेली होती. पहिल्या बॅचला जी वापरली तीच तिनं पुढंही वापरली. धुवायची स्वतः, पुसायची स्वतः, कुणाला द्यायची नाही. जुनी होती, चरे पडलेली, पांढऱ्याची करडी झालेली. क्रिकेटवाले एकच मोजा घालून खेळतात, परीक्षेला मुलं एकच पेन नेतात. विज्ञानवाली माणसं असलं काही मानत नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं एकदा प्रयोगशाळेतले खण उघडून बघावेत.

घोटणी हसली आणि तिनं कांडी दिली.

भिंगरीनं बॅच केली. घाईघाईनं केली, थेंब भराभर सोडले, पाक थोडा लागूही दिला. घोटणी लांबून बघत होती आणि मनात म्हणत होती, फुकट गेली ही.

आकडा आला दोनशे तीन.

भिंगरी नाचायची तेवढी बाकी राहिली. "ताई! लागली हो तुमची कांडी मला!"

घोटणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "छान." मग म्हणाली, "आता हेच पुन्हा कर. तुझ्या कांडीनं."

"आता कशाला ताई, झालं ना..."

"कर म्हणते ना!"

भिंगरीनं केलं. मन लावून केलं, एकेक थेंब मोजून. तीनशे एक.

खरं तर घोटणीनं स्वतः एक नवी कांडी घेऊन तेवढ्यातच एक बॅच टाकायला हवी होती. पहिल्या वर्षाच्या पोराला सुचेल एवढी साधी गोष्ट. तिनं ती केली नाही. तिला माहीत होतं काय येईल ते. एकदा आलं होतं.

घरी जायच्या आधी तिनं आपली नोंदवही काढली. पानांवर छापील क्रमांक होते, एकही पान फाडायचं नाही असा नियम होता. तिनं बॅचेस वाचल्या. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे छप्पन्न. एकशे एकाहत्तर. एकशे त्र्याऐंशी. एकशे अठ्ठ्याऐंशी. पाच वर्षं हे आकडे तिच्या डोळ्यांसमोर होते. सरांनी सर्वांत चांगला आकडा लेखाच्या माथ्यावर घातला होता आणि बाकीच्यांना 'किरकोळ फरक' म्हटलं होतं. किरकोळ कसला? माणसाचा हात बसत जातो तसं काम सुधारतं. हिचा हात बसत गेला तसा माल बिघडत गेला होता, आणि तोही एका ओळीत, पायरी-पायरीनं. जणू कुठलीतरी बाटली दर वेळी थोडी थोडी रिकामी होत होती.

आणि चौथ्या-पाचव्याच्या मधे एक बॅच होती जी वहीत नव्हतीच. त्या दिवशी कांडी सापडत नव्हती म्हणून तिनं दुसरी घेतली होती. आकडा आला होता तीनशे पाच. तिनं मनाशी म्हटलं, आज हवा दमट आहे, आणि ती पूड कचऱ्याच्या बरणीत उपडी केली. दोन दिवसांनी कांडी टेबलाखाली सापडली, आकडा पुन्हा जागेवर आला.

विज्ञानात खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही. वाईट आलेलं बरणीत टाकायचं, चांगलं आलेलं वहीत लिहायचं. एक अक्षरही खोटं लिहावं लागत नाही.

सकाळी ती भांडी धुणाऱ्या काकांकडे गेली. काका सत्तावीस वर्षं तिथं होते. मागच्या खोलीत, आम्लाच्या टबाशेजारी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून.

"काका, ही कांडी ओळखता?"

काकांनी ती चष्म्याजवळ धरली. "ओळखेन नाही तर काय. पॅलेडियमवाल्याची आहे."

पॅलेडियमवाला म्हणजे घोटणीच्या आधीचा विद्यार्थी, पॅलेडियमवर काम करून गेलेला.

"हा चरा बघ. त्यात काळं बसलंय ना, तो धातूच. प्लॅस्टिकमधे शिरतो तो, घासून निघत नाही. मी त्याच्या सगळ्या कांड्या टाकायला काढल्या होत्या. मोजल्या तर एक कमी. म्हटलं गेली असेल मोरीत."

"मी उचलली होती. तुमच्या टाकाऊ डब्यातून. माझ्याकडे नव्हती तेव्हा."

"घ्या! कचऱ्यातून काढून देव्हाऱ्यात बसवलीस की."

"काका, ती माझ्या हातात रोज दिसत होती तुम्हाला. पाच वर्षं. महागडा धातू न घालता केलं म्हणून छापलंय आम्ही! बोलला का नाहीत?"

काकांनी हातमोजे काढले. "मला कोणी विचारलं? तुमचा लेख आला तेव्हा सगळ्यांना पेढ्याचा बॉक्स फिरवलात, भांडी धुणाऱ्याला कुणी सांगितलं का लेखात काय आहे ते? महागडा धातू न घालता केलंय, हे मला आज तुझ्या तोंडून कळतंय. मला वाटायचं पॅलेडियमचंच चाललंय तुमचं."

काही शिव्या माणूस कमावून खातो.

तिनं कांडी आम्लात उकळली. नुसतं आम्ल आणि कांडी, दुसरं काही नाही. ते आम्ल छोट्या बाटलीत भरून खालच्या मजल्यावर यंत्रवाल्याकडे दिलं, जो कशात कुठला धातू किती आहे ते सांगतो. दुसऱ्या बाटलीत तिनं आपली पहिली पूड विरघळवून दिली, तिसऱ्यात भिंगरीची. यंत्रवाल्यानं संध्याकाळी कागद पुढं सरकवला. "पहिल्या दोहोंत पॅलेडियम आहे. पुडीत अगदी थोडं, पण आहे. तिसऱ्यात शून्य. काय, दागिने धुतले का यात?"

क्षारांचं आंबट पाणी दर बॅचला सहा-सात तास त्या चऱ्यांतून थोडा थोडा धातू ओढून घेत होतं. म्हणून पहिली बॅच सर्वांत चांगली, आणि म्हणूनच पुढची प्रत्येक तिच्याहून फिकी. हात नव्हता. डोळा नव्हता. एका टाकाऊ कांडीनं पाच वर्षं तिला फिरवली होती.

तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. इमारतींच्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यांत त्याचं आयुष्य जायचं. जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चावायचा थांबला.

"म्हणजे पाच वर्षं पाण्यात?"

"सात प्रकरणांतली चार."

"आणि गप्प बसलीस तर?"

"तर शनिवारी भिंगरीला हाकलतील. मला सही मिळेल."

सासूबाई ताटावरूनच म्हणाल्या, "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"आई, तुम्ही जेवा ना."

"जेवतेच आहे. कान बंद करून जेवता येत नाही मला."

नवऱ्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "आमच्यात दोराची एक तार तुटली तरी रजिस्टरात लिहावी लागते. लिफ्ट चालत असली तरी. लिहिणारा बोलणी खातो, लिफ्ट आठ दिवस बंद राहते, चौथ्या मजल्यावरची म्हातारी शिव्या घालते. तरी लिहायचं. न लिहिणारा एक होता आमच्यात." पुढं तो बोलला नाही आणि तिनं विचारलं नाही. "पण मी सांगून तू करू नकोस. उद्या पस्तावलीस की माझ्या नावानं खडे फोडशील."

शुक्रवारी दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. कागद समोर ठेवले. कांडीही ठेवली, कागदी रुमालावर.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. तिला वाटलं होतं ओरडतील. सर उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. ते तिला जास्त भीतिदायक वाटलं.

"कुणाला माहीत आहे?"

"काकांना. यंत्रवाल्याला आकडा माहीत आहे, कशाचा ते नाही."

"उत्तम. झाकली मूठ." सर खरोखर हसले. "अगं वेडे, तू रडवेली का झालीयेस? हा शोध आहे! एवढंसं पॅलेडियम, चिमटीत न येणारं, आणि दीडशे अंशांचा फरक? आपण लिहू की, दुसऱ्या टप्प्यात आम्ही सूक्ष्म प्रमाणात पॅलेडियम मुद्दाम घातलं. भिंगरीच्या अकरा बॅचेस म्हणजे न घातलेल्या पुडीचे नमुने. तुलनेला लागतातच. तिचं नाव दुसरं घालू. ती राहील, तुझी सही होईल. कुणाचंच नुकसान नाही."

खोटं एवढं नीट शिवलेलं घोटणीनं आधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या मापाचं होतं ते. भिंगरीच्याही.

"आणि पहिला लेख सर? त्यात नाही म्हटलंय."

"जुनं कोण उकरतं?"

"मुद्दाम घातलं म्हणायचं तर किती घातलं ते लिहावं लागेल."

"लिहू की."

"किती?"

"अगं, काहीतरी बसवू. तू इतकी हुशार आहेस."

काहीतरी बसवू. ती आपल्या टेबलाशी परत आली. तिला एक पत्र आठवत होतं. आठ महिन्यांपूर्वी आलेलं, कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेतल्या अनोळखी मुलीचं. तिनं लेख वाचून पूड करायला घेतली होती. तुमच्यासारखं होत नाही, ढवळताना काय करता ते कृपा करून सांगाल का, माझे गुरू म्हणतात माझा हात चांगला नाही. घोटणीनं तेव्हा पाच ओळींचं उत्तर पाठवलं होतं, हवा कोरडी असू द्या आणि धीर धरा. धीर धरा! आपणच विहिरीत ढकललेल्या माणसाला वरून पोहायच्या सूचना.

आता सर म्हणत होते तसा आकडा बसवला, तर तो आकडा घेऊन आणखी कुणीतरी कुठंतरी बेसिनशी नळ मोठा सोडून उभी राहील. भिंगरी वाचेल. ज्या दिसत नाहीत त्या मरतील.

भिंगरी शेजारीच होती. घोटणीनं तिला सगळं सांगितलं, सरांचं म्हणणंसुद्धा. वाटलं होतं मुलगी गळ्यात पडेल. भिंगरी पांढरी पडली.

"तीन महिने," ती म्हणाली. पहिल्यांदाच सावकाश बोलत होती. "तीन महिने मी घरी जाऊन हात बघायचे माझे. आणि तुम्ही मला थेंब सोडायला शिकवत होतात."

"मला माहीत नव्हतं गं."

"थोडं माहीत होतं, ताई. तुम्ही मला ती बॅच पुन्हा करायला लावलीत ना, स्वतः नाही केलीत."

घोटणीनं मान खाली घातली.

"सरांचं ऐका तुम्ही," भिंगरी म्हणाली. "माझं नाव लागेल. मला घरी तोंड दाखवता येईल. तुमचा खरेपणा तुम्हाला आज सुचलाय, त्याची शिक्षा मला का?"

याला काय म्हणणार? पोरीचं म्हणणं चूक नव्हतं. बरोबरही नव्हतं. घोटणी म्हणाली, "तुझ्या अकरा बॅचेस खऱ्या आहेत. या खोलीत तेवढ्याच खऱ्या आहेत. त्या मी खोट्यात मिसळू देणार नाही. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण."

मग तिनं त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. 'मागचं माझं उत्तर चुकीचं होतं. तुमचा हात चांगला आहे. माझी कांडी वाईट होती.' खाली तिन्ही बाटल्यांचे आकडे दिले. लेख छापणाऱ्यांनाही तेच लिहिलं, दोन वाक्यं जास्त. पाठवण्याआधी ती थोडा वेळ थांबली. मन बदलेल का ते बघत होती म्हणा. मनाला बदलायचं होतंच. कळ दाबणाऱ्या बोटानं ऐकलं नाही.

शनिवारी समितीसमोर सर म्हणाले, "भिंगरीच्या कामाचं आता आम्ही जरा वेगळ्या दृष्टीनं..." आणि घोटणी उभी राहिली. तिनं कांडी टेबलावर ठेवली आणि पहिल्या बॅचपासूनची सगळी गोष्ट क्रमानं सांगितली. बरणीत टाकलेली पूडही सांगितली, पाठवलेली पत्रंही. समितीतल्या एका बाईंनी कांडी उचलून उजेडात धरली. दुसरे गृहस्थ सरांकडे न बघता आपल्या बुटांकडे बघत होते.

"पत्र लिहायचं ठरवण्याआधी गुरूंना विचारलं होतंत?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"विचारलं होतं. म्हणूनच लिहिलं."

सरांचा चेहरा भाजल्या मातीसारखा झाला. बाहेर आल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. मी हे विसरणार नाही." आणि विसरलेही नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी लिहून दिलं की या विद्यार्थिनीला मी पुढं मार्गदर्शन करू शकत नाही. चार प्रकरणं गेली. समितीतल्या बाईंनी तिला पदराखाली घेतलं, पण नव्या विषयावर, पहिल्यापासून. निदान दोन वर्षं. भिंगरीला ठेवलं. ती खालच्या मजल्यावर गेली, दुसऱ्या कामावर. जिन्यात भेटली की मान हलवते, थांबत नाही.

त्या अनोळखी मुलीचं उत्तर आलं नाही. सोडून गेली असेल. किंवा वाचून शिव्या घातल्या असतील. तिला तो अधिकार आहे.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी घोटणी मागच्या खोलीत गेली होती. "काका, एक नवी कांडी द्या. पाकीट न फोडलेलं."

काकांनी पाकीट तिच्यासमोर फोडलं. "देवाला ठेवायचीय की वापरायचीय?"

"वापरायचीय. आणि काम झालं की तुमच्याकडेच परत देईन."

तिनं क्षार मोजले, पाणी घेतलं, आम्ल घातलं. थेंब सावकाश सोडले, सवयीनं. पाक झाला, चीक झाला, फेस फुगला. घोटला, भाजला, नळीत घातला, वायू सोडला. आकडा काय येणार हे तिला माहीत होतं, तरी ती काट्याकडे बघत बसली.

तीनशे दोन.

तिनं जुनी वही उघडली आणि शाईनं तो आकडा लिहिला. मग चौथ्या आणि पाचव्या बॅचच्या मधल्या रिकाम्या ओळीत, बारीक अक्षरात, तीनशे पाच लिहिलं. पुढं आजची तारीख घातली, कारण त्या दिवशीची घातली असती तर तेही खोटंच झालं असतं.